घरचा पास्ता: उकळण्यापासून डब्यापर्यंत

घरी केलेला पास्ता बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. उकळताना आपण तो भातासारखा पूर्ण शिजवतो, आणि मग वेगळा तयार केलेला सॉस त्यावर ओतून नुसता कालवतो. पहिल्या चुकीमुळे त्याचा लगदा होतो. दुसऱ्या चुकीमुळे सॉस ताटलीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो आणि वरचा पास्ता फिका लागतो. या दोन गोष्टी जमल्या की घरात आहे त्या टोमॅटो, लसूण, दूध, लोण्यात रोजच्या जेवणाला चालेल असा चांगला पास्ता होतो. त्यासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत.

म्हणून इथे सॉसच्या आधी उकळण्यावर जास्त लिहिलं आहे. ते वाचायचा कंटाळा करू नका.

पाकीट कसं निवडायचं

पाकीट उलटं करून घटक वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ एवढाच घटक असेल तर तो घ्या. ड्युरम हा कठीण दाण्याचा गहू असतो, आणि सेमोलिना म्हणजे त्याचा रवा. त्यात प्रथिनं जास्त, त्यामुळे उकळल्यावरही पास्त्याचा आकार आणि चिवटपणा टिकतो. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असा १९६७ पासून कायदा आहे. नुसती ‘सूजी’ किंवा मैदा लिहिलेली स्वस्त मॅकरोनी लवकर शिजते, पाणी गढूळ करते आणि दोन मिनिटं जास्त झाली तर फुटते. ती वाईट नाही, पण शिकताना तिच्यावर हात बसवणं अवघड जातं. पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं असतील तर पास्ता सहसा चांगला निघतो.

सुरुवातीला दोनच आकार घरात ठेवा: पेने किंवा फुसिली, आणि स्पॅगेटी. पेनेच्या नळीत आणि फुसिलीच्या पिळात दाट सॉस अडकून बसतो. स्पॅगेटी तेलाच्या किंवा पातळ सॉसला चांगली.

माणशी ७५ ते ८० ग्रॅम सुका पास्ता पुरतो. २०० मिलीची वाटी सपाट भरून पेने घेतला तर तो साधारण ८० ग्रॅम भरतो. स्पॅगेटीची जुडी मुठीत धरून तिचं टोक बघा: दहा रुपयांच्या नाण्याएवढं जाड असेल तर ती ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका माणसाची. शिजल्यावर पास्त्याचं वजन सव्वादोन पटीच्या आसपास जातं, त्यामुळे सुका पास्ता दिसायला कमी वाटला तरी मूठभर वर घालू नका.

उकळणं

चार जणांसाठी ३०० ग्रॅम पास्ता धरू.

१. किमान पाच लिटरच्या पातेल्यात तीन लिटर पाणी घ्या. हिशोब सोपा आहे, १०० ग्रॅमला एक लिटर. पाणी कमी असेल तर पास्ता घातल्याबरोबर उकळी मोडते, परत यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुकडे एकमेकांना चिकटतात.

२. झाकण ठेवून खळखळून उकळी आणा. उकळी आल्यावर मीठ घाला, लिटरला १० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन सपाट छोटे चमचे. सॉसमध्ये चीज जाणार असेल तर लिटरला दीड चमचा पुरे, कारण आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज बऱ्यापैकी खारट असतं. पास्त्याच्या आत मीठ जाण्याची हीच एक वेळ. नंतर सॉसमध्ये कितीही मीठ घातलं तरी आतला पास्ता अळणीच राहतो.

३. पास्ता घाला आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. या दोन मिनिटांत बाहेरचा स्टार्च ओला होऊन चिकट होतो, गोळे होतात ते तेव्हाच. पुढे अधूनमधून ढवळलं तरी चालतं. स्पॅगेटी मोडू नका. अर्धी पाण्याबाहेर राहिली तर अर्ध्या मिनिटात मऊ पडते, मग झाऱ्याने आत ढकला.

४. पाण्यात तेल घालू नका. तेल वर तरंगतं, त्यामुळे चिकटणं थांबत नाही. उलट गाळताना ते पास्त्याला लागतं आणि मग सॉस धरत नाही.

५. झाकण काढूनच शिजवा. स्टार्चच्या पाण्याला जोरात फेस येतो आणि झाकण असलं की ते शेगडीवर उतू जातं.

६. पाकिटावरच्या वेळेतून दोन मिनिटं वजा करा आणि तेव्हा एक तुकडा काढून सुरीने आडवा कापा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसायला हवा. ठिपका मोठा असेल तर आणखी एक मिनिट थांबा. ठिपका अजिबात नसेल तर पास्ता पूर्ण शिजला आहे. मग सॉसमधला वेळ अर्ध्या मिनिटावर आणा.

७. गाळण्याआधी मोठा पेला भरून, २५० मिली तरी, हे गढूळ पाणी बाजूला काढा. हे विसरायला होतं, म्हणून पेला आधीच चाळणीत ठेवा, म्हणजे तो उचलल्याशिवाय गाळता येणार नाही.

गाळल्यावर थंड पाण्याखाली धुऊ नका. धुतलं की वरचा स्टार्च जातो आणि पास्ता गारही होतो. धुवायचा तो फक्त थंड सॅलडसाठी.

शेवटची दोन मिनिटं

कुठलाही सॉस असो, ही कृती सारखीच राहते. सॉस रुंद कढईत किंवा मोठ्या पॅनमध्ये गरम असायला हवा. पास्ता गाळून लगेच त्यात टाका. ३०० ग्रॅमला बाजूला काढलेलं पाणी आधी अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली घाला आणि आच मोठी करा. दीड ते दोन मिनिटं सतत हलवा, तळापासून वर घ्या.

या वेळात पास्ता उरलेलं शिजणं सॉसमध्ये पूर्ण करतो आणि सॉसची चव आत ओढून घेतो. पाण्यातला स्टार्च तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. आधी पातळ दिसणारा सॉस बघता बघता चकचकीत होतो आणि तुकड्यांना लपेटून बसतो. पॅन तिरका केल्यावर खाली पाणी वाहत असेल तर आणखी अर्धा मिनिट आचेवर ठेवा. हलवताना ‘चपचप’ आवाज थांबून पास्ता कोरडा, जड वाटायला लागला तर दोन चमचे पाणी घाला.

गॅस बंद करण्याआधी तो थोडा सैल वाटला पाहिजे. ताटात वाढेपर्यंत तो आणखी आळतो. लोणी, चीज, कच्चं ऑलिव्ह तेल, कोथिंबीर, सगळं गॅस बंद केल्यावर घालायचं.

टोमॅटोचा सॉस

एकच सॉस शिकायचा असेल तर हा शिका. गुलाबी सॉस, कोळंबीचा पास्ता, मशरूमचा पास्ता, सगळे यातून निघतात.

बाजारात दोन तऱ्हेचे टोमॅटो असतात. गोल, पातळ सालीचा गावठी टोमॅटो आंबट आणि रसाळ असतो. लांबट, जाड सालीच्या टोमॅटोत गर जास्त, पाणी कमी. सॉसला तीन भाग लांबट आणि एक भाग गावठी घ्या, म्हणजे दाटपणा आणि चव दोन्ही मिळतात. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत पूर्ण लाल, दाबल्यावर किंचित मऊ लागणारे टोमॅटो संध्याकाळी स्वस्तात मिळतात. भाजीवाले त्यांना ‘पिकलेला माल’ म्हणून बाजूला काढतात. सॉसला नेमके तेच हवेत, फक्त फुटलेले आणि बुरशीचे नकोत. नारायणगाव आणि नाशिककडचा माल भरपूर येतो आणि भाव उतरतात तेव्हा सोसायटीतल्या चार घरांनी मिळून वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, एक क्रेट आणून वाटून घेणं परवडतं. पावसाळ्यातला टोमॅटो पाणचट असतो, त्याला आटायला दहा मिनिटं जास्त लागतात. शिवाय तेव्हा भावही चढतात. जुलै २०२३ मध्ये तर किलोला शंभरच्या वर गेले होते. अशा दिवसांत अर्धे टोमॅटो आणि अर्धा लाल भोपळा वाफवून घेतला तरी रोजच्या जेवणाला सॉस चांगला होतो. फक्त शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबू लागतं.

३०० ते ३२० ग्रॅम पास्त्यासाठी, म्हणजे चार जणांना:

टोमॅटो १ किलो, तेल ३ मोठे चमचे, मध्यम कांदा १ अगदी बारीक चिरून, गावठी लसणाच्या १० ते १२ पाकळ्या (मोठ्या पाकळ्यांचा लसूण असेल तर ५ किंवा ६), लहान गाजर १ बारीक किसून, मीठ दीड छोटा चमचा, सुकं ओरेगॅनो अर्धा छोटा चमचा, काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीपूड अर्धा छोटा चमचा.

१. टोमॅटोचे चार-चार तुकडे करून पातेल्यात घाला. पाणी नको. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं वाफवा. ते स्वतःच्याच पाण्यात मऊ होतात.

२. थोडे निवले की पुरणयंत्रातून काढा. मधली जाळी लावा. साल आणि बिया वर राहतात, गर खाली पडतो. मिक्सरमध्ये बिया फुटून सॉसला कडवट छटा येते आणि आत हवा जाऊन लाल रंग नारिंगी दिसतो. पुरणयंत्र नसेल तर टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुली मारा, ते उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा, गार पाण्यात टाकून साल सोला आणि हाताने कुस्करा.

३. रुंद कढईत तेल मध्यम आचेवर तापवा. कांदा आणि गाजर घालून चिमूटभर मीठ टाका. सात-आठ मिनिटं परता. कांदा पारदर्शक व्हावा, लाल नको. लाल कांद्याने सॉसला आपल्या रश्शाची चव येते.

४. मग ठेचलेला लसूण घाला आणि अर्धा मिनिट परता. लसूण कांद्याच्या आधी घातला तर तो करपतो आणि त्याचा कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

५. मिरचीपूड घालून लगेच टोमॅटोचा गर ओता, म्हणजे पूड जळत नाही. ओरेगॅनो हातावर चोळून आत्ताच घाला. उरलेलं मीठ घाला.

६. झाकण न ठेवता मध्यम-मंद आचेवर २० ते २५ मिनिटं आटवा. कडेने तेल दिसू लागलं आणि पळीने तळाशी ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की सॉस झाला. एक किलोतून साधारण अर्धा किलो सॉस निघतो.

आंबटपणा खटकला तर लगेच साखर घालू नका. आधी आणखी पाच मिनिटं शिजवून बघा. कच्च्या टोमॅटोची झोंबणारी चव शिजण्याने जाते. त्यानंतरही आंबट वाटला तर अर्धा छोटा चमचा साखर किंवा शेवटी १० ग्रॅम लोणी घाला.

लोखंडी कढई इथे वापरू नका. टोमॅटोतल्या आम्लाने सॉस काळपट होतो आणि त्याला धातूची चव येते. स्टील किंवा नॉनस्टिक चालेल. कुकरमध्ये सगळा सॉस करायचा मोहही टाळा. कुकरमध्ये वाफ आतच राहते आणि सॉस आटत नाही. टोमॅटो मऊ करायला एक शिट्टी ठीक, आटवणं उघड्यावरच.

गरम मसाला, हळद, धणेपूड यांची इथे गरज नाही. त्यांनी पास्ता वाईट लागतो असं नाही, पण टोमॅटोची चव मागे पडते आणि मग एवढा वेळ आटवण्याला अर्थ राहत नाही.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत तेलाऐवजी ३० ग्रॅम लोण्यात दोन चिमूट हिंग आणि किसलेलं गाजर परतून पुढची कृती तशीच करा. हा सॉस जरा गोडसर होतो आणि मुलांना सहसा आवडतो.

पांढरा सॉस

मैदा, लोणी, दूध एवढंच याचं सामान, आणि तरीही सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. गुठळ्या होतात, पिठाची चव राहते, नाहीतर थंड झाल्यावर सॉस विटेसारखा घट्ट होतो. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

२५० ग्रॅम पास्त्याला: लोणी ३० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम (चार सपाट मोठे चमचे), दूध अर्धा लिटर, मीठ अर्धा छोटा चमचा, मिरपूड, दोन चिमूट जायफळ, चीज ४० ते ५० ग्रॅम.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी मंद आचेवर वितळवा, त्यात मैदा घालून दोन मिनिटं परता. भाजलेल्या बिस्किटासारखा वास यायला हवा, रंग मात्र बदलायला नको. इथे घाई केली की पिठाची कच्चट चव शेवटपर्यंत राहते.

मग गॅस बंद करा. दूध फ्रीजमधलं किंवा साधं, पण गरम नको. आधी फक्त अर्धी वाटी घालून व्हिस्कने किंवा रवीने जोरात फेटा. गुळगुळीत पेस्ट झाली की पुन्हा अर्धी वाटी. असं तीनदा केल्यावर उरलेलं सगळं दूध एकदम ओतलं तरी चालतं. गरम मैद्यात गरम दूध एकदम पडलं तर पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजून घट्ट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. तीच गुठळी. गुठळ्या झाल्याच तर गाळून घ्या किंवा निवल्यावर मिक्सरमधून एकदा फिरवा, सॉस फुकट जात नाही.

आता मध्यम आचेवर तळ घासत ढवळत राहा. बुडबुडे आल्यावर आच मंद करून तीन-चार मिनिटं शिजवा. पळीच्या पाठीवर सॉसचा थर बसतो, त्यावर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली की गॅस बंद. यापेक्षा दाट करू नका, कारण पास्ता पाणी शोषून घेतो आणि सॉस निवताना आणखी घट्ट होतो. जास्त दाट झालाच तर कोमट दूध दोन-दोन चमचे घालून फेटा.

चीज किसून गॅस बंद केल्यावरच घाला. आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज सहज वितळून एकजीव होतं. मोझरेलाच्या तारा सुटतात आणि गोळे होतात, त्याला सॉसमध्ये न घालता भाजायच्या पास्त्यावर पसरा. शाकाहारी घरात आयात केलेलं पार्मेजान आणायचं असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. मूळ इटालियन पार्मेजानमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात.

भाज्या सॉसमध्ये शिजवू नका. मक्याचे दाणे आणि फरसबी वाफवून, सिमला मिरची मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून, पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून आणि घट्ट पिळून घाला. मशरूम कोरड्या, चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये थोड्या-थोड्या घालून लाल करा आणि मीठ शेवटी टाका. आधी मीठ घातलं की पाणी सुटतं आणि ती उकडल्यासारखी होतात. सगळ्या भाज्या मिळून सुक्या पास्त्याच्या वजनाएवढ्याच असाव्यात. त्याहून जास्त झाल्या की सॉस पुरत नाही.

गुलाबी सॉससाठी टोमॅटोच्या सॉसमध्ये दूध ओतू नका, आंबटपणामुळे ते फाटतं. दोन भाग टोमॅटो सॉसला एक भाग तयार पांढरा सॉस घ्या. त्यातल्या मैद्यामुळे दूध सहसा फाटत नाही. नाहीतर गॅस बंद करून १०० मिली टेट्रापॅक क्रीम घाला.

लसूण-तेलाची स्पॅगेटी

ऑफिसमधून आठच्या लोकलने घरी आल्यावर वीस मिनिटांत होणारं जेवण. नेपल्सकडच्या या पदार्थात लपवायला काहीच नसतं, त्यामुळे तेल बरं असलं पाहिजे. इथे ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली आणणं योग्य. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास फार पुढे येतो.

दोन ते तीन जणांना: स्पॅगेटी २०० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, गावठी लसणाच्या १५ पाकळ्या पातळ काप करून, चिली फ्लेक्स १ छोटा चमचा, मूठभर कोथिंबीर.

स्पॅगेटी नेहमीपेक्षा कमी पाण्यात, दीड लिटरमध्ये उकळा, म्हणजे पाणी जास्त स्टार्चचं होतं. मीठही त्याच हिशोबाने. स्पॅगेटी पाण्यात टाकली की शेजारच्या शेगडीवर थंड तेलात थंड लसूण घालून मंद आचेवर ठेवा. तेल तापत जाईल तसा लसूण हळूहळू शिजतो. चार-पाच मिनिटांत काप फिकट सोनेरी दिसले की गॅस बंद करा. तेलाच्या उष्णतेने ते अजून एक छटा पुढे जाणार आहेत. तपकिरी झाले तर ते तेल टाकून पुन्हा सुरुवात करा. चार चमचे तेल वाचवण्यासाठी पूर्ण जेवण कडू करण्यात अर्थ नाही.

चिली फ्लेक्स घाला, दहा सेकंदांनी पास्त्याचं १०० मिली पाणी. ते उडतं, म्हणून पॅन अंगापासून लांब धरा. मोठ्या आचेवर उकळी आली की तेल-पाणी मिळून दुधट दिसू लागतं. मग पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं बाहेर काढलेली स्पॅगेटी घाला आणि चिमट्याने फिरवत राहा. ताटलीत तेल वेगळं सुटलेलं दिसलं तर समजा की पाणी कमी पडलं किंवा आच मंद होती.

यातच कोळंबी छान लागते. २५० ग्रॅम सोललेली मध्यम कोळंबी घ्या, पाठीतला काळा धागा काढा, कोरडी पुसा. लसणाच्या आधी त्याच तेलात मोठ्या आचेवर एका बाजूने एक मिनिट, दुसऱ्या बाजूने अर्धा मिनिट परतून बाहेर काढा. पॅन उतरवून तेल पूर्ण थंड होऊ द्या, मगच लसूण टाका. कोळंबी शेवटी परत मिसळा. जास्त वेळ राहिली की ती रबरासारखी होते. इटलीत मासळीच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, आणि इथेही लिंबाचे चार थेंबच पुरेसे आहेत.

उरलेलं लसणाचं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि अशा ओल्या लसणात धोकादायक जंतू वाढू शकतात. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

हिरवा सॉस

इटलीतल्या जेनोआच्या पेस्तोसाठी, म्हणजे पानं वाटून केलेल्या हिरव्या सॉससाठी, जी बेझिलची पानं लागतात, ती आपल्या सब्जाच्याच जातीच्या झाडाची. फालुद्यात घालायचा सब्जा कुंडीत पेरला तर बाल्कनीत महिन्या-दीड महिन्यात पानं खुडता येतात. वास थोडा तीव्र असतो. देवघरातली तुळस मात्र चालत नाही, तिची चव लवंगेसारखी तिखट होते. पानं नसतील तर दोन वाट्या कोथिंबीर, दोन मोठे चमचे काजू, एक पाकळी लसूण, ३० ग्रॅम चीज आणि ४ मोठे चमचे तेल मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा. हा सॉस शिजवायचा नाही. गरम पास्त्यात गॅस बंद करूनच मिसळा, आचेवर ठेवला की काळपट पडतो.

हाताने वळलेला पास्ता

वळवट, गव्हले आणि नखुले करणाऱ्या घरांना हे काम परकं नाही. दक्षिण इटलीत रवा आणि पाण्याच्या पिठाचे छोटे तुकडे बोटाने दाबून, ओढून पास्ता करतात, अंडं लागत नाही. त्यासाठी बन्सी रवा घ्या. तो ड्युरम गव्हाचाच असतो आणि नेरूळ-वाशी भागातल्या दक्षिण भारतीय किराणा दुकानांत मिळतो. रवा जाड असेल तर मिक्सरमध्ये एकदा फिरवून चाळा.

२०० ग्रॅम रव्याला कोमट पाणी १०० मिली. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा ९० मिलीपासून सुरुवात करा. गोळा करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, रवा पाणी पितो. मग दहा मिनिटं तळहाताने ढकलत मळा. पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. दाबल्यावर चीर पडली तर ओला हात लावून आणखी मळा. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा. ही विश्रांती टाळली की वळताना तुकडे आखडतात.

पेन्सिलएवढ्या जाड वळ्या करा, दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. पोळपाटावर एक तुकडा ठेवून अंगठ्याने दाबत स्वतःकडे ओढा. तो आपोआप आत वळून शिंपल्यासारखा होतो. मध्ये पातळ आणि कडेला जाड राहिला तरी चालेल, सॉस त्या खोलगट भागातच बसतो. रवा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागता पसरा.

ताजा असल्याने तो लवकर शिजतो. वर तरंगल्यावर आणखी दोन मिनिटं, मग चाखून ठरवा. जाड वळला असेल तर एकूण सहा मिनिटंही लागतात. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवून दुसऱ्या दिवशी करता येतो, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो वाळत नाही, बुरशी धरते. तेव्हा ताटासकट फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाल्यावर डब्यात भरा आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाका.

डबा आणि फ्रीज

डब्यात पास्ता शिजतच राहतो, सॉसही पीत राहतो. त्यामुळे डब्यासाठी पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटं आधी काढा, सॉस नेहमीपेक्षा सैल ठेवा आणि वरून एक चमचा तेल मिसळा. टोमॅटोचा किंवा लसूण-तेलाचा पास्ता गरमागरम असतानाच इन्शुलेटेड डब्यात भरा. पांढरा सॉस एप्रिल-मेच्या उकाड्यात देऊ नका, दूध आणि चीज दुपारपर्यंत टिकत नाही. ऑफिसात फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असेल तरच द्या, आणि गरम करण्याआधी दोन चमचे पाणी शिंपडायला सांगा.

नुसता उकडलेला पास्ता एक चमचा तेल चोळून बंद डब्यात फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. खायच्या वेळी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून थेट सॉसमध्ये टाका. टोमॅटोचा सॉस फ्रीजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतो. अर्ध्या-अर्ध्या वाटीचे भाग करून गोठवा, एक भाग म्हणजे एका माणसाचं जेवण. पांढरा सॉस गोठवला तर वितळल्यावर पाणी सुटतं आणि तो दाणेदार होतो, म्हणून तो लागेल तेवढाच करा.